शहर घेतलंस, आता त्याला काम दे

तुझा प्रश्न थोडक्यात असा: सिव्हिलायझेशन सिक्स या संगणकावरच्या डावपेचांच्या खेळात चंद्रगुप्त घेऊन खेळतोस, शेजारच्या इराणच्या सायरसवर चढाई करतोस, नदीकाठचं एखादं शहर जिंकतोस, आणि थोड्याच टर्नमध्ये, म्हणजे खेळातल्या पाळ्यांमध्ये, ते बंड करून निघून जातं. युरोपा युनिव्हर्सालिस फोर (पुढे नुसतं ‘युरोपा’) या खेळात मुलूख निसटत नाही, पण बंडखोर मारता मारता सैन्यही संपतं आणि तिजोरीही. जिंकलेली आणि शरण आलेली शहरं नेमकी वापरायची कशी, असं तू विचारलंयस. कोथरूडला आमच्या रविवारच्या गटात नव्यानं येणारी बहुतेक मुलं याच जागी अडकतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी माझं म्हणणं सांगतो. शहर पडल्यावर पडद्यावर चौकट उघडते: ठेवायचं, लुटायचं की जाळायचं. त्या चौकटीपाशी येऊन जो विचार करायला लागतो, त्याला उशीर झालेला असतो. वेढा घालायच्या आधीच त्या शहराचं काम ठरलेलं हवं. ते सैन्याला धान्य पुरवेल, पुढच्या मोहिमेचं ठाणं होईल, शत्रूची फौज अडकवून ठेवेल, तहाच्या बोलणीत देऊन टाकायला उपयोगी पडेल, किंवा तिसऱ्याच कुणाच्या ताब्यात देऊन तुझी एक सीमा शांत करेल. यातलं एकही काम ज्याला नेमता येत नाही, त्या शहराच्या वाटेला जाऊ नये. बाजूनं फौज काढावी आणि पुढे जावं.

हे इतकं ठासून सांगतोय, कारण शहर घेणं स्वस्त असतं आणि सांभाळणं महाग. याचा सगळ्यांत मोठा धडा आपल्याच मुलखात आहे. 1699 पासून 1705 पर्यंत औरंगजेब स्वतः सह्याद्रीत उतरून एकेक किल्ला घेत होता. साताऱ्याला डिसेंबर 1699 पासून एप्रिल 1700 पर्यंत वेढा पडला. सुरुंग उलटला आणि मोगलांचीच माणसं मोठ्या संख्येनं दगावली. पुढे पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. त्यातले बरेच किल्लेदाराला पैसे मोजून हाती आले. नकाशावर पाहिलं तर बादशहा एकामागून एक जिंकतच चाललेला दिसतो. पण घेतलेल्या प्रत्येक किल्ल्यावर शिबंदी बसवायची, तिला दारूगोळा आणि दाणागोटा पोचवायचा, त्या वाटेवर पहारे ठेवायचे. मराठ्यांच्या फौजा मात्र मोकळ्या होत्या. त्या याच वाटांवर धाडी घालत होत्या, खानदेशात आणि गुजरातेत शिरत होत्या. बादशहा जिवंत असतानाच त्यातले काही किल्ले परत गेले.

तुझ्या सेव्हमध्ये, म्हणजे जतन केलेल्या खेळात, हेच होतंय. तीन शहरं घेतलीस, प्रत्येकात दोन-दोन तुकड्या ठेवल्यास, म्हणजे चढाई करणारी सहा तुकड्यांची फौज गेली. चौथ्या शहरापाशी पोचतोस तेव्हा तुझ्याकडे वेढा घालण्याइतकं बळच उरत नाही. म्हणून मोहिमेच्या आधी कागद घेऊन बस आणि हिशेब मांड: हे शहर किती तुकड्या अडकवेल, किती टर्न काहीच देणार नाही, आणि त्यानंतर काय देईल. हा हिशेब जमला नाही तर शहर कितीही देखणं असो, ते सोडून द्यायचं.

देखण्या शहराचा मोह हा या खेळातला सगळ्यांत घातक मोह. ऑगस्ट 1760 मध्ये भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली. नाव केवढं मोठं! पण तिजोरी रिकामी, आसपासचा मुलूख आधीच लुटून उजाड झालेला, आणि सैन्याबरोबर यात्रेकरू, बाजारबुणगे मिळून प्रचंड माणूस पोसायचं. शेवटी दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून तिची नाणी पाडायची वेळ आली. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतलं. गाव दिल्लीपुढे किरकोळ, पण तिथे अब्दालीसाठी साठवलेलं धान्य होतं, रोकड होती. फौजेला त्या घडीला जे हवं होतं ते कुंजपुऱ्यानं दिलं. मात्र सैन्य उत्तरेला गेलेलं असताना अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दिल्लीची वाट तुटली. खेळात मी यातून दोन गोष्टी पाळतो. एक, नावाच्या शहरापेक्षा कोठाराचं शहर आधी घ्यायचं. दोन, कुठलंही शहर घेताना माझ्या मूळ ठाण्यापासून तिथवरच्या रस्त्यावरचा उतार, खिंड किंवा पूल उघडा सोडायचा नाही. युरोपामध्ये हे काम किल्ल्याचा प्रांत करतो, कारण किल्ला आसपासच्या प्रांतांतून शत्रूची ये-जा अडवतो. दहा मोकळे प्रांत घेण्याऐवजी तोंडावरचा एक किल्ला घेतलास तर बाकीचे आपोआप हातात येतात.

आता शरण आलेल्या शहराकडे वळू. तुझ्या प्रश्नात तू जिंकलेलं आणि शरण आलेलं यांना एकाच मापात धरलंयस. तिथे थोडं थांबायला हवं, कारण माझ्या मते सगळा फायदा या फरकातच आहे.

वसई बघ. चिमाजी अप्पांनी ती मे 1739 मध्ये घेतली, पण मोहीम तिथून सुरू झाली नव्हती. ठाणं शहर 1737 मध्येच हाती आलं होतं. मग केळवे-माहीम, तारापूर आणि आसपासची इतर ठाणी पडली. वसई एकटी उरल्यावर शेवटचा वेढा आवळला. लढाई भयंकर झाली, मराठ्यांची माणसं पुष्कळ पडली. इतकं रक्त सांडल्यावर कुणीही कत्तलीचा हुकूम दिला असता. चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांना शस्त्रं आणि मालमत्ता घेऊन इतमामानं बाहेर पडू दिलं, मागे राहणाऱ्यांना त्यांचा धर्म पाळायची मोकळीक दिली. पावसाळा तोंडावर आला होता. आणखी महिनाभर वेढा लांबला असता तर चिखलात सगळंच अडकलं असतं. उदार अटी दिल्यामुळे तटबंदीसकट, बंदरासकट, वस्तीसकट वसई मिळाली, आणि पुढची चाळीसेक वर्षं मराठ्यांकडे राहिली.

खेळांमध्ये हा फरक आकड्यांत दिसतो. सिव्हिलायझेशन फाइव्हमध्ये लढून घेतलेल्या शहराची लोकसंख्या निम्म्यावर येते, बऱ्याच इमारती नष्ट होतात, आणि जेवढी लोकसंख्या मोठी तेवढे जास्त टर्न ते शहर धुमसत राहतं, काहीही बनवत नाही. युरोपामध्ये तट फुटल्याबरोबर हल्ला चढवता येतो, पण पायदळ पाण्यासारखं वाहून जातं. उपासमारीनं शरण येईपर्यंत थांबलास तर वेळ जातो, माणसं वाचतात. मेडिएव्हल टू टोटल वॉरमध्ये तोफांनी तट पाडून शिरलास तर तोच तट पुढच्या टर्नला तुलाच बांधायचा असतो, आणि त्या आत शत्रूची दुसरी फौज आली की उघड्या शहरात तू अडकतोस. म्हणून माझा प्रघात असा: मागून मदत येणार नाही याची खात्री असेल तर थांबायचं. मदत येणार असेल, किंवा माझंच धान्य संपत आलं असेल, तरच चढायचं. आणि तहाच्या टेबलावर एखादं शहर मागून मिळत असेल, तर त्यासाठी थोडे पैसे किंवा दुसरं एखादं कमी कामाचं शहर द्यायला अजिबात कचरायचं नाही. न लढता आलेलं शहर शाबूत येतं, लगेच कामाला लागतं. मुलांना हा सौदा कमीपणाचा वाटतो. मला तो मोहिमेतला सगळ्यांत चांगला सौदा वाटतो.

बरं, शहर हातात आलं. पुढे काय?

सिव्हिलायझेशन फाइव्हमध्ये तीन पर्याय आहेत: पूर्ण सामील करणं, पपेट म्हणून ठेवणं, जाळून टाकणं. मूळ राजधानी आणि नगरराज्यं जाळता येत नाहीत. नवखा खेळाडू उत्साहानं सगळं सामील करतो. मग कोर्टहाऊस ही नाराजी मिटवणारी इमारत बांधेपर्यंत नाराजी जास्त, आणि प्रत्येक शहरागणिक सामाजिक धोरणं महाग. पपेट शहर तुझं ऐकत नाही, स्वतःच्या मनानं इमारती बांधतं, लष्कर बनवत नाही. पण धोरणांचा भाव वाढवत नाही आणि सोनं देत राहतं. जुना, खात्रीचा मार्ग असा: शहर पडल्याबरोबर पपेट कर. धुमसणं संपेपर्यंत हात लावू नकोस. ज्या टर्नला ते शांत होईल त्याच टर्नला सामील कर आणि कोर्टहाऊस बांधत न बसता रोख पैसे देऊन विकत घे. तेवढी रोकड आधीच बाजूला ठेवलेली हवी. आणि हे सगळ्या शहरांना करायचं नाही. ज्याच्याकडून फौज किंवा जहाजं हवी आहेत, म्हणजे ज्याचं काम पुढच्या मोहिमेचं ठाणं हे आहे, तेवढंच सामील कर. बाकीची पपेट म्हणूनच उपयोगी.

याच पद्धतीनं इंग्रजांनी आपल्यावर राज्य बसवलं, हे मी मुलांना आवर्जून सांगतो. नोव्हेंबर 1817 मध्ये खडकी आणि येरवड्यानंतर पुणं त्यांच्या हाती आलं, तेव्हा त्यांनी शहर लुटू दिलं नाही. 11 फेब्रुवारी 1818 ला एल्फिन्स्टननं साताऱ्यातून जाहीरनामा काढला: पेशव्यांचं राज्य संपलं, पण लोकांची वतनं, इनामं, देवस्थानांचे खर्च चालू राहतील. साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराजांना बसवून एक छोटं राज्य त्यांना दिलं, शेजारी रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, नेमला. पुण्यात, पेशवे ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत तिच्या पैशातून, 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. जाहीरनामा निघाला तेव्हा बाजीराव अजून मोकळा फिरत होता, मराठा सरदार कुठे वळतील याचा भरवसा नव्हता. अशा वेळी साताऱ्यात कुणाची गादी आहे यावर पुष्कळ जणांचं मन ठरणार होतं. तीस वर्षांनी, 1848 मध्ये, गरज संपल्यावर तेच सातारा त्यांनी खालसा केलं. आधी पपेट, मग शांतपणे सामील. वाचताना राग येतो, यायलाच हवा. पण शहराचं काम आधी ठरवून मग ते घेणं म्हणजे काय, ते इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचित दिसतं.

युरोपा युनिव्हर्सालिसमध्ये ही चाल आणखी धारदार होते, म्हणून ती नीट सांगतो. त्या खेळात वेढ्यानं घेतलेला प्रांत तुझा होत नाही, फक्त ताब्यात असतो. तहात मागितल्यावर तो तुझा होतो, पण कोअर, म्हणजे प्रांतावरचा पक्का हक्क, होईपर्यंत अतिविस्ताराचा बोजा बसतो, आणि फुटीरपणाची घडी तीसेक वर्षांची असते. दर वर्षामागे अर्धा, म्हणजे सुरुवातीलाच असंतोषात 15 ची भर. तू दर युद्धात जेवढं मिळेल तेवढं मागतोस आणि अतिविस्तार शंभरावर नेतोस. तिथून पुढचे बंडखोर तूच पेरलेले असतात.

त्याऐवजी असं कर. समज, उस्मानींशी लढतोयस. त्यांच्या पोटात बल्गेरिया नावाचं मेलेलं राज्य आहे. त्याचे कोअर अजून त्या प्रांतांवर आहेत. पहिल्या तहात बल्गेरियाचा एकच प्रांत माग, किल्ल्याचा असेल तर उत्तम. तो स्वतःकडे न ठेवता बल्गेरियाला मांडलिक म्हणून उभं कर. आता बाकीच्या बल्गेरियन प्रांतांवर हक्क आहे तो तुझ्या मांडलिकाचा. पुढच्या युद्धाला कारण लाव ‘परत मिळवणं’. मांडलिकाचे कोअर परत घेताना शेजाऱ्यांमधली बदनामी कितीतरी कमी होते, तुझ्या विरुद्ध आघाडी उभी राहत नाही, प्रशासकीय गुण खर्चून कोअर करावे लागत नाहीत, आणि बंड झालं तर ते आधी मांडलिकाच्या घरात. युद्ध चालू असतानाच त्या प्रांतांचा ताबा मांडलिकाकडे सोपवत जा. दहा वर्षं उलटली आणि संबंध चांगले राखलेस की मुत्सद्देगिरीचे गुण खर्चून त्याला शांतपणे सामील करता येतं. पहिल्या तहात घेतलेल्या त्या एका प्रांतानं आख्खा देश आणून दिला.

तुझ्या चंद्रगुप्ताच्या खेळाकडे येतो. सिव्हिलायझेशन सिक्समध्ये ‘राइज अँड फॉल’ या भागापासून निष्ठेचा नियम आला. प्रत्येक नागरिक आपल्या शहरापासून नकाशावरच्या नऊ घरांपर्यंत दबाव टाकतो, अंतर वाढेल तसा तो कमी होत जातो. तू घेतलेलं नदीकाठचं शहर सायरसच्या तीन शहरांच्या मधोमध होतं. तिन्हीकडून त्यांचे नागरिक त्या शहरावर दाब देत होते आणि तुझी सगळ्यांत जवळची वस्ती लांब. या दबावाचा आकडा उणे 20 पर्यंत जाऊ शकतो. गव्हर्नर पाठवलास, त्याचे अधिक 8. शिबंदी ठेवलीस तर ताब्याचा दंड हलका होतो. मॉन्युमेंट या इमारतीनं थोडी भर. एवढं करूनही बेरीज उणेच राहते. त्या शहरात तू आणखी चार तुकड्या कोंबल्या असत्यास तरी ते गेलंच असतं.

उपाय त्या शहराच्या आत नाही, भोवती आहे. निष्ठेची लेन्स, म्हणजे कुणाचा दाब कुठे आहे ते दाखवणारा नकाशा, लावून सायरसची सगळी शहरं बघ आणि ज्याची लोकसंख्या सगळ्यांत जास्त ते पहिलं लक्ष्य धर, भले ते राजधानीचं असो, भले त्याची भिंत जाड असो. ते पडलं की विरुद्ध बाजूचा सर्वांत मोठा दाब थांबतो आणि तेच नागरिक तुझ्या बाजूनं दाब द्यायला लागतात. दुसरं म्हणजे घाई आणि धीर यांचा मेळ. दोन जवळच्या शहरांच्या भिंती आधी पाड, दोन्ही मरणोन्मुख ठेव, आणि शेवटचा घाव एकाच टर्नमध्ये, फार तर दोन टर्नमध्ये घाल. एकेक करून सावकाश घेतलेली शहरं एकेक करून जातात. एकदम घेतलेली एकमेकांना धरून राहतात. तिसरं, युग बघ. तुझं सुवर्णयुग आणि सायरसचं अंधारयुग जुळून येत असेल तर मोहीम तोवर थांबवण्यात शहाणपण आहे, कारण नागरिकांच्या दबावाचा गुणक युगानुसार बदलतो.

आणि हाच नियम उलटा फिरवता येतो. तहात काही द्यावंच लागलं तर तुझ्या तीन भरलेल्या शहरांच्या मध्ये पडलेलं लहानसं शहर दे. सायरसला ते सांभाळता येणार नाही.

देण्याची कला मुलं शिकतच नाहीत. 1665 च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी 23 किल्ले दिले आणि 12 ठेवले. तह नाइलाजाचा होता. मिर्झाराजे आणि दिलेरखान दाराशी होते, मुरारबाजी पडले होते, आणि दिलेल्या मुलखाचं उत्पन्न चार लाख होनांचं होतं. तो तोटा मोठाच. पण फौज शाबूत राहिली, कारभारी माणसं राहिली, आणि 23 किल्ल्यांवर शिबंदी बसवायचं ओझं मोगलांकडे गेलं. 1670 च्या फेब्रुवारीत सिंहगड, मार्चमध्ये पुरंदर, आणि मग एकापाठोपाठ एक बरेचसे परत आले. युद्ध हरत असशील तर शहरं दे, फौज राख. युरोपामध्ये तर दिलेल्या प्रांतावर तुझा कोअर मागे राहतो, म्हणजे परत घेताना ते वर सांगितलेलं स्वस्तातलं कारण तयार असतं.

लुटीबद्दल थोडंच लिहितो, कारण ते सगळ्यांना लवकर जमतं. जानेवारी 1664 आणि ऑक्टोबर 1670, दोन्ही वेळा सुरतेचा पैसा आणला आणि महाराज परत फिरले. सुरतेच्या किल्ल्याच्या नादी लागले नाहीत. तिथे ठाणं बसवलं असतं तर ते मोगली मुलखात एकटं पडलं असतं. मेडिएव्हल टूमध्ये लांबचं, परधर्माचं, मोठ्या लोकसंख्येचं शहर असेल तर लूट हाच पर्याय बरा असतो. फक्त सेनापतीच्या नावावर क्रौर्य चढतं, ते लक्षात ठेव. हवं तर रिकामं झालेलं शहर तुझ्या शत्रूच्या शत्रूला भेट देऊन टाक. मग ती सीमा तो राखतो. सिव्हिलायझेशन सिक्समध्ये शहर न घेताही लूट होते: कॅम्पस या विद्येच्या भागातून विज्ञान मिळतं, व्यापारी भागातून सोनं. नुसत्या घोडदळानं अशी एक फेरी मारून आलास तर शेजारी कितीतरी मागे पडतो, आणि तुझी एकही तुकडी कुठे अडकत नाही.

जाळणं मला आवडत नाही, आणि त्याचं कारण पुण्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. 1630 च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं हे गाव जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. पुढे जिजाबाई आणि दादोजी कोंडदेवांच्या काळात इथे पुन्हा वस्ती झाली. ओसाड जमीन लागवडीला आणायला त्या काळी इस्ताव्यानं कौल देत: पहिली वर्षं सारा नाममात्र, मग दर वर्षी थोडा थोडा वाढवत पूर्ण दरावर. ज्यानं गाव जाळलं त्याला त्यातून काही मिळालं नाही. ज्यांनी धीरानं वसवलं त्यांना राज्याचा पाया मिळाला. एम्पायर टोटल वॉरमध्ये मराठे घेऊन 1700 पासून खेळतोस तेव्हा उत्तरेचा प्रांत घेतल्याबरोबर त्याला करमाफी दे. पहिले काही टर्न उत्पन्न शून्य राहील. परक्या सत्तेबद्दलची चीड दर टर्नला ओसरत जाते. ती उतरली की कर चालू कर. पहिल्याच टर्नपासून पूर्ण कर लावणाऱ्याला त्या प्रांतात एक आख्खी फौज कायमची बसवून ठेवावी लागते, आणि त्या फौजेचा पगार त्या करापेक्षा जास्त असतो. क्रूसेडर किंग्ज थ्रीमध्येही तसंच: नव्या काउंटीत मार्शलला नियंत्रण वाढवायला पाठव आणि तोवर तिच्याकडून कशाचीच अपेक्षा धरू नकोस. त्या खेळात शत्रूची राजधानी घेण्याचा खरा लाभ वेगळाच आहे. आत त्याचं कुटुंब सापडू शकतं, आणि वारस कैदेत आला की तह फार लवकर होतो.

एक काम उरलं, आणि ते मला सगळ्यांत जवळचं आहे. लांबवर एक तरी जिंकलेलं शहर असं ठेव, ज्यात तू आज गरज नसताना पैसे घालशील. 1677 च्या दक्षिण मोहिमेत महाराजांनी जिंजी घेतली. रायगडापासून एवढ्या लांबच्या किल्ल्याचे तट, बुरूज नव्यानं मजबूत करवले. त्या वेळी तो खर्च अनेकांना अनाठायी वाटला असेल. 1689 मध्ये संभाजी महाराज गेले, रायगड पडला, आणि राजाराम महाराज त्याच जिंजीत जाऊन राहिले. मोगल सेनापती झुल्फिकारखानाची फौज जानेवारी 1698 पर्यंत तिथे अडकून पडली, आणि तेवढ्या वर्षांत इकडे संताजी, धनाजी यांना मोकळं रान मिळालं. माझ्या प्रत्येक मोठ्या खेळात मी असं एक शहर निवडतो. मुख्य मुलखापासून दूर, शक्यतो डोंगर किंवा समुद्र पाठीशी असलेलं. तिथे तटबंदी, कोठार, थोडी रोकड आणि एक चांगला सेनापती. पुष्कळदा ते शेवटपर्यंत वापरावंच लागत नाही. पण राजधानी गेल्यावरही खेळ चालू राहतो तो याच्या जोरावर.

आता तुझ्या सेव्हचं. गेलेलं नदीकाठचं शहर सध्या विसर. पाठवलेल्या चित्रात सायरसची राजधानी डोंगराला लागून आहे आणि तिच्या पूर्वेला बंदराचं लहान शहर दिसतंय. तुझ्याकडे दोन कॅटापुल्ट (तटावर दगड फेकणारी यंत्रं) आहेत, ते अपुरे पडतील. आणखी दोन बनव, आणि तोवर घोडेस्वार पाठवून राजधानीभोवतीच्या शेतांची, खाणींची लूट करून घे. सायरसची वाढ खुंटेल. मग दोन्ही शहरांना एकदम वेढा घाल. राजधानी पडली त्याच टर्नला व्हिक्टर या गव्हर्नरला तिकडे रवाना कर. जखमी झालेली एक तुकडी आत ठेव, धडधाकट तुकड्या बाहेर रस्त्यावर. बंदर पुढच्या टर्नला. ही दोन हातात असताना तह बोलायला बस, आणि त्यात दोन्ही शहरं सायरसकडून रीतसर सोडून घे, नाहीतर ती ताब्यातलीच मानली जातील आणि दंड चालू राहील. नदीकाठचं शहर तोवर स्वतंत्रच असेल. दोन्हीकडून तुझा दाब सुरू झाला की लेन्स लावून त्याचा बाण कुठे वळतोय ते पाहत राहा. बहुतेक ते आपण होऊन तुझ्याकडे येईल. त्याच्यावर फौज पाठवू नकोस, ती फौज तुला सायरसच्या उरलेल्या शहरासाठी लागणार आहे.